दोन बोटांची डुलकी

प्रिय कात्री,

आज सलूनला सुटी. शटर अर्धं खाली ओढलंय आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून, मांडीवर वही घेऊन लिहितोय. दुपारचे अडीच वाजलेत. तुझ्या आईला वाटतंय मी आरसे पुसायला आलोय. आरसे पुसून झाले, कात्र्यांना तेल देऊन झालं, कंगवे धुऊन वाळत घातले, तुरटीचा खडासुद्धा घासून चकचकीत केला. आता हे पत्र टाळायला दुकानात काही म्हणजे काही उरलेलं नाही.

परवा तू आईला फोनवर सांगितलंस की शिक्षण सोडून घरी येतेस. शेवटच्या परीक्षेला आठ महिने उरले असताना! आईने कारण विचारलं, तर म्हणालीस की पेशंटच्या मानेला हात लावायची वेळ आली की हात थरथरतो, मला माझ्याच बोटांची भीती वाटते. आईचं म्हणणं, अभ्यासाने डोकं शिणलंय पोरीचं, पंधरा दिवस पोटभर झोपू दे, येईल ताळ्यावर. मी नुसती मान डोलावली. पण मला कारण ठाऊक आहे. आईला ते ठाऊक नाही, आणि तुलाही अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं पंधरा वर्षं माझ्याजवळ पडून आहे. ते आज तुला द्यायला बसलोय. दिलं नाही तर तू कायमची हातातलं काम टाकून येशील, आणि दिलं तर कदाचित घरीच येणार नाहीस. दोन्हीकडून भीती आहे. सरळ लिहून टाकलं, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही.

तुला लहानपणी इथे आणलं की तू त्या फिरत्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना उलटसुलट प्रश्न विचारायचीस. टक्कल पडलेल्या माणसाला तू विचारलं होतंस की तुम्ही इथे कशाला आलात. आजोबा तेव्हा इतके हसले की त्यांना वस्तरा खाली ठेवावा लागला. पोरीची जीभ माझ्या कात्रीपेक्षा तेज आहे म्हणाले, आणि तेव्हापासून तू कात्री. हे नाव त्यांनी ठेवलेलं. माझ्या हाताला मात्र नावं ठेवायचं त्यांनी कधी सोडलं नाही. फेस पातळ होतो, कल्ले खाली-वर होतात, कंगवा धरतोस की झारा. मी चाळिशीला आलो, स्वतःच्या डोक्यावरचे केस उडायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी शिकाऊच होतो.

आपल्या दुकानाचं नाव झालं ते मात्र कातरकामाने नव्हे, डुलकीने. हे तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवं, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. दाढी झाली, गरम टॉवेल फिरवून झाला, की आजोबा जबड्याच्या कोनाखाली, जिथे नाडी उडते तिथे, दोन बोटं ठेवायचे आणि हळूहळू चोळायचे. दहा आकडे मोजेपर्यंत गिऱ्हाइकाच्या पापण्या जड व्हायच्या, खांदे सैल पडायचे. भांडून आलेला माणूस गाईसारखा होऊन उठायचा. लोक लांबून यायचे आणि केस वाढलेले नसतानाही म्हणायचे, डुलकी द्या. आजोबांना ती त्यांच्या वडिलांनी शिकवली, त्यांनी मला. त्याचे तीन नियम होते, आणि ते पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचे. दहाच्या पुढे मोजायचं नाही. उपाशी माणसाला द्यायची नाही. आणि दोन्ही बाजू एका वेळी कधीही, कधीही दाबायच्या नाहीत. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचे की दोन्हीकडून दाबलं तर गेलेला माणूस परत येईलच असं नाही.

आता तू गेल्या सुटीत घरी आलीस तेव्हाचं. तू इथेच बाकावर वर्तमानपत्र वाचत बसली होतीस. समोरचे घड्याळवाले खुर्चीत होते. त्यांची डुलकी वीस वर्षांची. मी बोटं ठेवली, सहा की सात मोजले असतील, आणि तू किंचाळलीस, बाबा, हात काढा! मी हात काढला तोवर त्यांची मान छातीवर पडली होती आणि चेहरा तुरटीसारखा पांढरा झाला होता. मी टॉवेल धरून उभाच राहिलो. तू मात्र त्यांना जमिनीवर आडवं केलंस, पाय उचलून खुर्चीवर ठेवलेस, बोटं मनगटावर. आठवतंय? मनगटावर, मानेवर नाही. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मिनिटाभराने त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, झाली का दाढी? माझा जीव भांड्यात पडला. तुझा पडला नाही. तुझा चेहरा त्यांच्यापेक्षा पांढरा होता.

मग तू शटर ओढलंस आणि कापलेल्या केसांखाली अंथरायचा जुना पेपर घेऊन, त्याच्या कडेच्या कोऱ्या जागेत मला चित्र काढून दाखवलंस. मी शाळा मध्येच सोडलेला माणूस, पण तू शिकवलंस ते डोक्यात बसलं, कारण ते माझ्या बोटांबद्दल होतं. मानेत मोठी रक्तवाहिनी जिथे दोन फाट्यांत फुटते, तिथे तिच्या भिंतीत नसांची टोकं असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणली जाते, आणि ती टोकं वर मेंदूच्या देठाला खबर देतात. देठात ती खबर घेणाऱ्या पेशींचा एक पुंजका बसलेला असतो. खबर पोचवणाऱ्या रसायनाचं नाव तू ग्लुटामेट सांगितलंस. तो पुंजका पुढच्या पेशींना उठवतो, आणि त्या गाबा नावाचं दुसरं रसायन सोडतात. ते म्हणजे ब्रेक. तो ब्रेक ज्या पेशींवर लागतो त्या एरवी रात्रंदिवस शरीरभरच्या रक्तवाहिन्यांना सांगत असतात की आवळून राहा. त्या गप्प झाल्या की खाली नसांच्या टोकांतून झिरपणारं, वाहिन्या आवळून धरणारं नॉरअॅड्रेनॅलिन कमी होतं, वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. शिवाय दुसऱ्या एका लांब नसेतून हृदयालाही निरोप जातो की हळू. हे सगळं दोन-चार ठोक्यांत होतं, आणि दिवसभर चालू असतं. दाब पडला की हेच सगळं उलट चालतं; आपण खुर्चीतून उठतो आणि घेरी येऊन पडत नाही, ते याच्याच जिवावर.

म्हणजे डुलकी ही झोप नव्हेच, असं तू म्हणालीस. बाहेरून बोट दाबलं की ती भिंत ताणली जाते आणि मेंदूला वाटतं दाब भलताच चढलाय. मेंदू बिचारा आज्ञाधारक, तो लगेच दाब उतरवतो. चार पिढ्या आपण लोकांच्या मेंदूला खोटी खबर देत आलो आणि त्याला कसब म्हणत आलो. तरण्याताठ्या माणसाला गुंगी येते. म्हाताऱ्यांमध्ये कुणाकुणाचं हृदय क्षणभर थांबतं. आणि ज्यांच्या वाहिनीत आतून थर साचलेला असतो, त्यांच्यात त्या थराचा कपचा निघून रक्ताबरोबर वर जाऊ शकतो. एवढं सांगून तू पेन्सिल ठेवलीस. मग पुन्हा उचललीस, मेंदूचे दोन भाग काढलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस की मानेतली डावी वाहिनी डाव्या भागाला रक्त देते, आणि डावा भाग उजवा हात हलवतो, बोलायला लावतो. उजवीचं याच्या उलट. आणि मग अगदी साध्या आवाजात, जणू भाजी काय आणायची विचारावं तसं, विचारलंस, बाबा, मी आजोबांची कुठली बाजू दाबली होती?

मी म्हणालो, आठवत नाही.

कात्री, त्या क्षणी मला कळलं की तू पंधरा वर्षं काय उराशी धरून चालली आहेस. तेव्हा अकरा वर्षांची पोर तू, आणि आम्हाला वाटलं विसरलीस. सतरा-अठराव्या वर्षी तू डॉक्टरकीचा अर्ज भरलास, पुढे नसा आणि रक्तदाब हाच विषय धरून बसलीस, तेव्हा घरात सगळ्यांना कौतुक आणि मला धडकी. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, ही शिकत शिकत एक दिवस माझ्यापर्यंत येऊन पोचेल. तू माझ्यापर्यंत आली नाहीस, स्वतःपाशीच थांबलीस, हे मला कळायला इतकी वर्षं लागली. आणि कळल्यावरही मी म्हणालो, आठवत नाही. तू मान हलवलीस, पेपर चुरगळून केसांच्या डब्यात टाकलास आणि दोन दिवसांनी गाडीत बसलीस.

त्यानंतर मी कुणालाही डुलकी दिलेली नाही. घड्याळवाले रुसलेत. म्हणतात, पोरगी डॉक्टर झाली आणि तुम्हाला शिंगं फुटली. मी हसण्यावारी नेतो. पण दुकानात कुणी मान मागे टाकून डोळे मिटले की मला घाम फुटतो. गळ्यावर वस्तरा फिरवताना कधी थरथरलो नाही, आता नुसती पावडर लावायची तर डबा गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. आईने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. दंडाला पट्टा बांधला, यंत्राने फुसफुस केलं, वरचा आकडा एकशे शहाऐंशी. डॉक्टरांनी विचारलं, कसली काळजी आहे का? मी म्हणालो, छे, पोरगी मार्गाला लागली, मला कसली काळजी. त्यांनी गोळी लिहून दिली. तूच सांगितलं होतंस ना, माणसाला भीती वाटली की मेंदूच्या वरच्या मजल्यावरून देठाला हुकूम येतो की मानेतून येणाऱ्या खबरीकडे आता लक्ष देऊ नका, दाब चढू द्या, पळायची वेळ आहे. माझा तो हुकूम कुणी मागेच घेत नाही. पळणार तरी कुठे? दुकान इथे, घर दोन गल्ल्या पलीकडे.

आता त्या दिवसाचं लिहितो. मध्येच उठून पाणी पिऊन आलो, तेवढाही वेळ काढून झाला.

असाच सुटीचा दिवस होता. मी, तू आणि आजोबा साफसफाईला आलो होतो. आजोबांची दाढी मी केली, आणि नेहमीप्रमाणे चार चुका त्यांनी काढल्या. तू हट्ट धरलास की मला डुलकी शिकवा. मी नको म्हणालो. आजोबांनी मला गप्प केलं, तुला स्टुलावर उभं केलं, तुझी दोन बोटं धरून स्वतःच्या मानेवर नेमकी जागा दाखवली. तू दहा मोजलेस, मोठ्याने, सातनंतर नऊ म्हणालीस आणि परत आठवर आलीस. त्यांचे डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणाले, याला म्हणतात हात! मग माझ्याकडे वळून म्हणाले, तीस वर्षं तुझ्या बोटांना जे उमगलं नाही ते पोरीला दहा आकड्यांत उमगलं, कसब तुला टाळून पुढे गेलं रे. तू आईला सांगायला धावत सुटलीस. तुझ्या चपला दारातच राहिल्या होत्या.

त्यानंतर तू दुकानात नव्हतीस. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगणारा मी एकटाच होतो. ते हसत होते, तेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. कसब टाळून पुढे गेलं, टाळून पुढे गेलं. मला हसता यायला हवं होतं. आपलीच पोर, आपलेच वडील, कौतुकाची गोष्ट. पण मला ते झोंबलं, कात्री. मी म्हणालो, बसा, आता माझा हात बघा. आणि त्यांच्या मागे उभा राहून मी दोन्ही हातांची बोटं दोन्ही बाजूंना ठेवली. त्यांनी हात वर केला, नाही म्हणायला असेल. मी सोडलं नाही. किती मोजले ते मला माहीत नाही, मी मोजतच नव्हतो. दहाच्या कितीतरी पुढे गेलो असेन. ते खुर्चीत कलले तेव्हा मला वाटलं, लागली बघा डुलकी. क्षणभर बरंसुद्धा वाटलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत घाणेरडा क्षण तो आहे, आणि आज तो पहिल्यांदा कागदावर येतोय.

त्यांना शुद्ध आली, पण उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरला तो त्यांना उचलता येईना. तोंडातून शब्द फुटेना. इस्पितळात मी सांगितलं की दाढी करताना अचानक झालं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, असं होतं. मी मान डोलावली. चार दिवस ते जिवंत होते. आई रडत होती, शेजारी येत होते, आणि आजोबा उशीवरून फक्त माझ्याकडे बघत होते. रागाने की कशाने, मला सांगता येत नाही, मी नीट पाहिलंच नाही. मी त्यांचे पाय चेपत बसायचो आणि मनातल्या मनात विनवायचो की बरे व्हा, आणि त्याच श्वासात मला भीती वाटायची की बरे झाले तर बोलतील. वडिलांची वाचा परत येऊ नये असं मला एक-दोनदा नव्हे, पुष्कळदा वाटलं. चौथ्या दिवशी ते गेले. तू पलंगाजवळ येऊन स्वतःची बोटं फ्रॉकमागे लपवून उभी होतीस. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, पोरीला थंडी वाजतेय. खरं सांगतो, मला तसं वाटलं नाही. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच निघायचे, तेव्हा आता थांबतो आणि तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. तू उजवी बाजू दाबली होतीस. मला पक्कं आठवतं, तेव्हाही आठवत होतं. खुर्चीच्या डावीकडे बेसिन आहे, तिथे स्टूल मावतच नाही, तू त्यांच्या उजव्या अंगाला उभी होतीस आणि फक्त त्याच बाजूला तुझी बोटं होती. त्यांचा गेला तो उजवा हात, आणि वाचा. पुढचा हिशोब तू मला पेपरच्या कडेला शिकवलास, तो मी तुला काय सांगू. डाव्या बाजूला त्या दिवशी एकाच माणसाची बोटं लागली. कदाचित तू पुस्तकं चाळून म्हणशील की वय होतं, आतून थर साचलेला असेल, कुणाच्याच बोटांनी काही झालं नसेल. तसं असेल तर माझं नशीब, पण ते ठरवायचा अधिकार मला नाही. तुझी बोटं नव्हती, एवढं मात्र मी कुठल्याही डॉक्टरसमोर सांगेन. हे पत्र आधी पेटीत टाकणार आहे आणि मगच घरी जाऊन तुझ्या आईला सगळं सांगणार आहे. आधी सांगितलं तर ती रडेल आणि मी पत्र खिशातच ठेवीन, मला मी चांगला ओळखतो. तू फोन करशील की नाही, केलास तर बाबा म्हणशील की नाही, या विचाराने आता पेन धरवत नाही. उद्यापासून रोज फोनकडे बघत बसेन. त्याचं तू काही मनावर घेऊ नकोस. तू उद्या सकाळी उठ, वॉर्डात जा, आणि पहिला जो पेशंट असेल त्याच्या मानेवर बोटं ठेवून नाडी बघ. आजोबा त्या चार दिवसांत काय सांगू बघत होते, हे मी स्वतःला कधी विचारू दिलं नाही. आज विचारलं. माझ्यावरचा राग त्यांना तेवढा महत्त्वाचा नसावा. मला वाटतं, ते एवढंच सांगत होते की पोरीने काही केलेलं नाही, तिला कुणीतरी सांगा.

तू ठेवशील तर तुझाच,
बाबा